सोयाबीन निघाल्यावर इंदूरच्या आसपास सायकलला शांत रस्ते कोणते?

कार्तिकसकाळ
नमस्कार मंडळी. मी राजेंद्रनगरला राहते, वय ४६. मागच्या दिवाळीनंतर गिअरची सायकल घेतली. वर्षभर चालवतेय, पण सुपर कॉरिडॉर आणि बायपास सोडून कुठे गेले नाही. गाड्यांच्या आवाजात चालवायचा आता कंटाळा आलाय.
दसरा झाला आणि पहाटेची हवाच बदलली. परवा कुणाला तरी आणायला पहाटे विमानतळाकडे गेले होते. गांधीनगरच्या पुढे शेतांवर गुडघाभर धुकं होतं आणि त्यातून एक म्हातारा सायकलला दुधाच्या दोन बरण्या लटकवून शांतपणे येत होता. तेव्हापासून डोक्यात एकच आहे, की त्या बाजूला गाडीने नाही, सायकलने जायचं.
माझं असं मत झालंय की दसऱ्यापासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंतचे पाच आठवडेच माळव्यात सायकलचे खरे दिवस. आधी चिखल, नंतर पहाटेची बोटं आखडणारी थंडी, आणि मार्चनंतर तर बोलायलाच नको.
तर सांगा: जाऊन-येऊन ४०-६० किलोमीटर, ट्रक नकोत, दहाच्या आत घरी. टायर २८ मिलिमीटरचे आहेत. आणि एकटीने जावं का?

चाकोरी
तुम्ही पाहिलात तोच रस्ता धरा. गांधीनगर, हातोद, गुलावट. गांधीनगरपर्यंत वर्दळ आहे, हातोद मागे पडलं की रस्ता तुमचा. राजेंद्रनगरहून जाऊन-येऊन साठेक होईल.
गुलावटला यशवंत सागर धरणाच्या फुगवट्यात कमळं आहेत आणि हेच दिवस त्यांचे. पण सकाळीच पोचा, ऊन चढलं की फुलं मिटायला लागतात. आणि रविवार टाळा. रविवारी तिथे फोटो काढणाऱ्यांच्या गाड्यांची इतकी रांग असते की शांत रस्त्याचं नाव काढायला नको. मंगळवार-बुधवारी जा, तळ्यावर बगळे आणि तुम्ही.

महूवाला
राजेंद्रनगरवाल्यांना महू जवळ पडतं हो! राऊवरून या. छावणीतले रस्ते रुंद, दोन्हीकडे जुनी झाडं, सकाळी फिरायला निघालेली माणसं. तिथून पातालपाणी पाच-सहा किलोमीटर. धबधबा पावसाळ्यासारखा गरजत नाही आता, पण धार आहे, आणि मुख्य म्हणजे गर्दी ओसरलेली आहे. कठड्याच्या पलीकडे मात्र जाऊ नका, कितीही साधं दिसलं तरी. ती दरी ३०० फुटांची आहे.

पंक्चरबहाद्दर
रस्ता कुठलाही घ्या, काटे सगळीकडे तेच. या दिवसांत दोन शत्रू. एक बाभळीचा काटा, कुंपणासाठी तोडलेल्या फांद्या ट्रॉलीतून नेताना पडतात. दुसरा सराटा, ज्याला इकडे गोखरू म्हणतात. पावसात पसरलेली वेल आता वाळते आणि फळं डांबराच्या कडेला येतात. म्हणून समोरून गाडी आली तरी कच्च्यात उतरू नका. थांबावं, पण डांबरावर थांबावं.
ट्यूब बदलायला शिकलात का ताई? नसेल तर घरी तीनदा करून बघा, मग बाहेर पडा. आणि एक गोष्ट लोक हमखास विसरतात. ट्यूब बदलतात आणि काटा टायरमध्ये तसाच ठेवतात. दोनशे मीटरवर परत पंक्चर. टायर आतून चाचपायचा, पण बोट फिरवायचं नाही, फडक्याचा बोळा फिरवायचा. जिथे धागा अडकेल तिथे काटा. बाभळीचा काटा बाहेरून मोडलेला असतो, आतून टोक फक्त मोहरीएवढं दिसतं. ते पक्कडीने आतल्या बाजूने ओढायचं.
टायरची बाजू फाटली तर दहाची नोट दुमडून आत घाला, घरापर्यंत आणते. माझी एक नोट ७० किलोमीटर चालली आहे.

निवांत
सगळं ठीक, पण मुख्य धोका कुणीच लिहिला नाही. सोयाबीन! मागच्या वर्षी देपालपूरच्या बाजूला वळणावर अर्धा रस्ता भरून दाणे वाळत टाकलेले. ब्रेक दाबला आणि पुढचं चाक निघून गेलं. कोपर सोललं, हेल्मेटला तडा गेला, मनगट तीन आठवडे बांधून ठेवलं होतं. सार्वजनिक रस्ता हे काही खळं नाही. मी तरी सोयाबीन उचललं जाईपर्यंत त्या बाजूला जात नाही, आणि ताईंनाही तेच सांगेन.

सायकलवारी
बापरे. आता मनगट कसं आहे?

निवांत
बरं आहे. थंडीत दुखतं.

गंभीरकाठ
मी शेतकरी आहे, हातोदच्या पुढे आमची जमीन आहे. निवांतभाऊ, तुम्ही पडलात याचं खरंच वाईट वाटलं. वळणावर टाकायलाच नको होतं, आणि जो टाकतो त्याला आम्ही गावातही बोलतो.
पण आमचीही बाजू ऐका. मंडीत सोयाबीन नेलं की आधी ओलावा बघतात. १२ टक्क्यांच्या वर असला की भाव तुटतो, हमीभावाच्या खरेदीत तर परतच पाठवतात. आता कापणीच्या वेळेला परतीचा पाऊस आला की उभ्या शेंगा भिजतात. काढलं तर दाणा ओला, ठेवलं तर दाणा काळा पडतो नाहीतर शेंग तडकून जमिनीवर. काळ्या मातीच्या शेतात वाळवणार कुठे? खालून ओल मारते. घराचं अंगण चार पोत्यांचं, माल चाळीस पोत्यांचा. डांबर मात्र दहा वाजता तापलेलं असतं, दोन-तीन उन्हांत काम होतं.
आमचा रस्त्यावर हक्क आहे असं म्हणत नाही. दोन-तीन दिवसांचा प्रश्न असतो, आणि त्या दोन-तीन दिवसांत वर्षाचे पैसे असतात, एवढंच.
सायकलवाल्यांना माझं सांगणं: ढीग लांबून दिसला की आधीच हळू व्हा, दाण्यांवर ब्रेक आणि वळण दोन्ही नको. हाक मारा. राखणीला कुणीतरी बसलेलं असतंच, ते फावड्याने वाट करून देतं. आणि ढिगाच्या कडेला लावलेले दगड बघून चला, माल उचलल्यावर ते उचलायचे राहून जातात. ती आमची चूक.

चाकोरी
गंभीरकाठ, हे इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं. दगडांचं मात्र गावात सांगाच. संध्याकाळी मोटारसायकलवाल्याला ते दिसत नाहीत.

निवांत
१२ टक्क्यांचं मला माहीत नव्हतं. तरीही वळणावर नको हे माझं म्हणणं कायम आहे.

गंभीरकाठ
त्यात आपलं एकमत आहे भाऊ.

दुचाकी_फिजिओ
फिजिओथेरपिस्ट म्हणून थोडंसं. ६० किलोमीटर पहिल्यांदा करताना गुडघा पुढून दुखला तर सीट बहुतेक खाली आहे. पेडल सगळ्यात खाली असताना गुडघा साधारण २५ ते ३५ अंशांत वाकलेला हवा, त्याहून जास्त नाही. आणि जड गिअरवर रेटू नका. मिनिटाला ८०-९० फेऱ्या पडतील असा हलका गिअर लावा. माळव्याचा चढ डोळ्याला दिसत नाही, पायाला कळतो.

जुनी_इंदूर
हा धागा वाचून फार बरं वाटलं. माझं वय ७४. वडील गिरणीत होते. मालवा मिलचा भोंगा झाला की परदेशीपुऱ्यातून सायकलींचा लोंढा निघायचा, आम्ही मुलं ओट्यावर उभं राहून बघायचो. सगळ्या काळ्या, २२ इंची, पुढे डायनामोचा दिवा. इंदूर हे सायकलींचंच शहर होतं.
१९७२-७३ च्या सुमारास आम्ही चार मित्र कोजागिरीला सायकली काढून देवगुराडियाला जायचो. दूध घरूनच आटवून किटलीत न्यायचं, केशर-जायफळ घातलेलं, किटली हँडलला. टेकडीच्या पायथ्याशी महादेवाच्या देवळापाशी बसायचं. चांदणं इतकं असायचं की दिवे लावायची गरज नव्हती. शबे मालवा म्हणतात ती काय चीज आहे, ते मला त्या रस्त्यावर कळलं. रात्रीचं सुख इथल्यासारखं कुठे नाही, दिवसभर तापलेली जमीन सूर्य बुडाला की तासाभरात निवते.
आज तो रस्ता हायवे झाला, रात्री जायचं धाडस कुणी करू नये. पण कंपेलच्या बाजूला आतले रस्ते अजून आहेत. कंपेल म्हणजे इंदूरच्या आधीचं परगण्याचं मुख्य ठाणं, हे किती जणांना ठाऊक असेल? इंदूर मोठं झालं आणि कंपेल गाव राहिलं. बाळ कार्तिकसकाळ, एकदा तिकडेही जा.

कार्तिकसकाळ
काका, किटलीचं वाचून डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं. दूध सांडायचं नाही का?

जुनी_इंदूर
झाकणाला पीठ थापायचो, चपातीच्या कणकेचं. थेंब सांडला नाही कधी.

डोंगरदऱ्या
महूपर्यंत आलात तर पुढे दोन गोष्टी. एक जानापाव. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, जानापाव साडेआठशेच्या वर. शेवटचा चढ अंगावर येतो, सगळ्यात हलका गिअर लावून बसून चढा. या दिवसांत उतारावर सीताफळं विकायला बसलेली असतात. चंबळ तिथूनच निघते.
दुसरं जाम गेट, महू-मंडलेश्वर रस्त्यावर. अहिल्याबाईंनी बांधलेला दरवाजा. तिथे उभं राहिलं की माळव्याचं पठार पायाखाली एकदम संपतं आणि खाली निमाड दिसतो, हवासुद्धा वेगळी लागते. मला त्या जागेचं सगळ्यात आवडतं ते हे, की पाण्याची वाटणी इथल्याच डोंगरांवर होते. चंबळ, गंभीर या नद्या उत्तरेला वाहत यमुना-गंगेतून बंगालच्या उपसागराला मिळतात. चोरल आणि तिच्या बहिणी दक्षिणेला नर्मदेत उतरून अरबी समुद्राला. एका सकाळी सायकलवर दोन समुद्रांचं पाणी ओलांडता येतं. हे नकाशावर वाचणं वेगळं आणि आधी चढ, मग उतार असं मांड्यांनी अनुभवणं वेगळं.
जाम गेटच्या खाली मात्र पहिल्या फेरीत उतरू नका. उतरलात की तेवढंच चढायचं आहे.

लांबपल्ला
ताई, ६० वर थांबू नका. पुढच्या वर्षी २०० ची ब्रेव्हे करा, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी. नाव ऐकून लोक घाबरतात, पण २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. म्हणजे ताशी १५ सुद्धा भरत नाहीत, चहा-जेवण धरून. ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४० तास. चारही एका हंगामात केल्या की सुपर रँदोनर हा किताब. ही शर्यत नाहीच, पहिला-दुसरा नंबर नसतो. वेळेत परत आलात की झालं.

निवांत
ज्यांना करायचं त्यांनी जरूर करावं. पण ताईंनी शांत रस्ता विचारलाय, तास नाही विचारले. मी चौदा वर्षं चालवतोय, कधी १०० च्या वर गेलो नाही. वाटेत बांधावर बसून नीलकंठ बघायला वेळ राहिला पाहिजे. या दिवसांत तारांवर बसलेले असतात, उडाले की पंखातला निळा असा काही उघडतो की पाय आपोआप थांबतात.

लांबपल्ला
नीलकंठ ब्रेव्हेतही दिसतात दादा, साडेतेरा तास आहेत! पण मुद्दा मान्य.

बडोदेकर
आमच्याकडे वडोदऱ्याहून सिंधरोटला महीच्या काठी जातो, आणि मोठी फेरी करायची तर पावागड-चांपानेर. ऑक्टोबरमध्ये तुमच्याइतकी गार पहाट मिळत नाही, दिवाळीपर्यंत घाम निघतो. माळव्याच्या हवेचा हेवा वाटतो. शेव मात्र तुमचीच भारी, हे आमच्यात बसून कबूल करणं सोपं नाही.

महूवाला
या एकदा, पोहे-जलेबी माझ्याकडे. पोह्यांवर जीरावण मसाला टाकल्याशिवाय इंदूरची सकाळ होत नाही. आणि जमलं तर पातालपाणी ते काळाकुंड मीटरगेजच्या हेरिटेज गाडीने. २०१८ च्या डिसेंबरात सुरू झाली. काळाकुंड स्टेशनवर पळसाच्या पानात कलाकंद मिळतो.

चाकोरी
आता सगळे कलाकंदावर घसरणार. ताईंचा दुसरा प्रश्न राहिला, एकटीने जावं का?

सायकलवारी
त्यासाठीच आले. मी ५२ ची, सहा वर्षं बहुतेक एकटीच जाते. सरळ सांगते.
पहिल्यांदा त्या रस्त्यावर दुकटीने जा, कुठे चहा आहे, कुठे शाळा, कुठे वस्ती तुटते हे डोळ्याखालून घाला. मग एकटीने जायला हरकत नाही. उजाडल्यावरच निघा. सध्या सूर्योदय साडेसहाच्या जवळपास आहे, तर सव्वासहाला दार ओढा. घरच्यांना लाइव्ह लोकेशन लावून द्या. मला आतापर्यंत गावात त्रास झाला नाही. झाला तो शहराच्या हद्दीवर, मोटारसायकलवर मागे-मागे येणाऱ्या पोरांचा. अशा वेळी वेग वाढवत नाही मी. पहिल्या दुकानापाशी उतरते, दुकानदाराला मोठ्याने "भैया, पानी मिलेगा?" विचारते. पोरं निघून जातात.
आपल्या बायकांचा जो प्रश्न कुणी लिहीत नाही तो लिहिते. पेट्रोल पंपावर स्वच्छतागृह सगळ्यांना मोफत असतं, पेट्रोल भरायची गरज नाही. संकोच न करता किल्ली मागा. त्या भीतीने पाणी कमी पिऊन निघू नका, मी पहिलं वर्ष तेच केलं आणि डोकं धरून परत यायचे.
कुत्री: पळवायला जाऊ नका. उतरा, सायकल मधे धरा, चालत पुढे व्हा. त्यांची हद्द संपली की थांबतात.
आणि संध्याकाळ टाळा. सहाला सूर्य मावळतो आणि त्याच वेळी ट्रॅक्टर-ट्रॉल्या माल भरून परततात. मागे लाल दिवा नसतो, रिफ्लेक्टर धुळीने माखलेला. मी एकदा एका ट्रॉलीच्या मागे अगदी हातभर अंतरावर थांबले आहे. तेव्हापासून संध्याकाळ बंद.

गंभीरकाठ
ताईंनी ट्रॉलीचं लिहिलं ते खरं आहे. काल आमच्या ट्रॉलीला मागे लाल पट्टी चिकटवली. दोन्ही भावांच्याही ट्रॉल्यांना लावली.

सायकलवारी
दादा, मनापासून आभार.

पंक्चरबहाद्दर
थ्रेशर चालू असेल तिथून जाताना चष्मा हवाच. सोयाबीनचं भूस डोळ्यात गेलं की दिवसभर चुरचुरतं. साधा पारदर्शक चष्मा चालतो.

कार्तिकसकाळ
मंडळी, जाऊन आले! बुधवारी. सायकलवारी ताई सोबत आल्या, धाग्यावरच ओळख झाली आणि गांधीनगरच्या चौकात सहा पन्नासला भेटलो.
हातोदपर्यंत बोलत होतो, पुढे दोघीही आपोआप गप्प झालो. धुकं होतं, पण जमिनीला धरून, डोकी वर आणि चाकं धुक्यात. कापलेल्या सोयाबीनच्या खुंटांवर कोळ्यांची जाळी होती, हजारो, आणि प्रत्येकावर दव. सूर्य वर आला तसं सगळं शेत एका बाजूने पेटत गेल्यासारखं दिसलं, दोन-तीन मिनिटंच. मग धुकं उठलं आणि जाळी दिसेनाशी झाली. मी तिथेच पाय टेकून उभी होते.
गुलावटला आठच्या आत पोचलो. कमळं उघडी होती. पलीकडच्या काठाला दोन सारस चरत होते, लाल मान, माणसाएवढे उंच. यशवंत सागर २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आला हे वाचलं होतं, पण ते दोघं चिखलात एकेक पाय उचलून ठेवत होते ते बघितल्यावर ती यादी कशासाठी ते समजलं.
परतताना रस्त्यावर सोयाबीन होतंच. लांबून हळू झालो, हाक मारली. एक आजी पोत्यावर बसल्या होत्या, त्यांनी फावडं घेतलं आणि हातभर वाट केली. मी उतरून चालत गेले. दाणे पायाखाली खरोखर छर्ऱ्यांसारखे फिरतात, निवांत दादा कसे पडले असतील ते लगेच कळलं. आजींनी विचारलं, "कहाँ से आई बेटा?" इंदूर म्हटलं तर म्हणाल्या, इतक्या लांबून सायकलवर? आणि ओंजळभर भाजलेल्या शेंगा दिल्या. त्या जर्सीच्या मागच्या खिशात घालून घरी आणल्या, अजून कोमट होत्या.
एक पंक्चर झालं, मागचं चाक. फडक्याचा बोळा फिरवला, अडकला, काटा निघाला. पंक्चरबहाद्दर, अगदी मोहरीएवढाच होता. बावीस मिनिटं लागली, पण मीच केलं.
६३ किलोमीटर, घरी दहा वाजून दहा मिनिटांनी. गुडघा ठीक आहे, सीट एक बोट वर घेतली होती.
पुढच्या बुधवारी कंपेल. जुनी इंदूर काका, आतला रस्ता कुठून धरायचा ते सांगाल का?

जुनी_इंदूर
वा बाळ, वा. फोनवर नकाशा मला जमत नाही, कागदावर काढून नातवाकडून फोटो टाकतो. आज संध्याकाळपर्यंत.

निवांत
बुधवारी मीही येतो, चालेल का?

कार्तिकसकाळ
दादा, विचारता काय! सव्वासहा. जास्तीची ट्यूब आणा, माझी संपली.